फ्रिजला नळ जोडताना

पाइपांच्या जळगावात पाव इंची नळी मिळणं अवघड नाही. अडतं ते पाण्याच्या दाबाशी. आपोआप बर्फ बनवणाऱ्या बहुतेक फ्रिजना किमान 20 पीएसआयच्या आसपास दाब लागतो, म्हणजे पाणी सुमारे 14 मीटर उंचीवर हवं. गच्चीवरची टाकी फ्रिजपेक्षा 3 मीटर उंच असेल, तर मिळतात जेमतेम 4 पीएसआय. नळालाच थेट जोडावं, तर वाघूरचं पाणी जळगावला काय आणि तापीचं धुळ्याला काय, चोवीस तास कुठे असतं? म्हणून नळीवर छोटा बूस्टर पंप आलाच.

बोअरचं पाणी मात्र थेट जोडू नका. बेसॉल्टमधून येणारं ते पाणी बहुधा जड असतं. फ्रिजचा कार्बन फिल्टर क्लोरीनचा वास घालवतो, क्षार नाही. ते झडपेत साचतात आणि बर्फ बंद पडतो. आयएस 10500 मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा. आधी तपासून घ्या. फिल्टर साधारण सहा महिन्यांनी बदलावा लागतो. नळीला वेगळा कॉक ठेवा, गावाला जाताना तो बंद करा.

भाड्याचं घर असेल तर हाताने पाणी भरायच्या टाकीचा फ्रिज घ्यावा. खरं तर स्वतःच्या घरातही मला तोच बरा वाटतो.