उंचावलेल्या पिकअप ट्रकचे मागील शॉक ॲब्सॉर्बर

उंचावलेल्या पिकअप ट्रकचे मागील शॉक ॲब्सॉर्बर हे मागील आस आणि चेसिस यांच्या दरम्यान बसवलेले, स्प्रिंगच्या आंदोलनांचे अवमंदन करणारे घटक होत. वाहनाच्या झुलावप्रणालीत बदल करून चेसिसची उंची वाढवल्यावर मूळ शॉक ॲब्सॉर्बर बहुधा अपुऱ्या लांबीचे ठरतात. त्यामुळे त्यांच्या जागी अन्य उत्पादकांचे, अधिक लांबीचे शॉक ॲब्सॉर्बर बसवले जातात. भारतातील गॅरेजांमध्ये या भागाला सर्रास 'शॉकअप' म्हटले जाते. ही प्रथा मुख्यतः अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि थायलंड या देशांत रूढ आहे. निवड किंवा जोडणी चुकल्यास वाहनाचे नियंत्रण व ब्रेक या दोहोंवर परिणाम होत असल्याने हा विषय सुरक्षिततेशी थेट निगडित आहे.

कार्यतत्त्व

स्प्रिंग वाहनाचा भार पेलते आणि खड्ड्याचा धक्का साठवून घेते. परंतु साठवलेली ऊर्जा ती परत करते, म्हणून वाहन वरखाली होत राहते. शॉक ॲब्सॉर्बरमधील दट्ट्या तेलात सरकतो, तेल अरुंद छिद्रांतून व झडपांतून ढकलले जाते आणि गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. शॉक ॲब्सॉर्बर भार पेलत नाही. जाड शॉक बसवल्याने ट्रकची वहनक्षमता वाढते हा समज चुकीचा आहे. हवा भरून उंची राखणारे विशेष प्रकार याला अपवाद आहेत, परंतु त्यांच्यामुळेही उत्पादकाने ठरवलेली भारमर्यादा बदलत नाही.

बहुतेक पिकअप ट्रकांमध्ये मागील बाजूस अखंड आस आणि लीफ स्प्रिंग, म्हणजे बोलीभाषेतील पाटे, असतात. हे पाटे पूर्ण भाराचा विचार करून ठरवलेले असल्यामुळे रिकामा ट्रक मागून उसळतो आणि शॉक ॲब्सॉर्बरवरील जबाबदारी वाढते. अनेक पिकअपमध्ये एका बाजूचा शॉक आसेच्या पुढे आणि दुसऱ्या बाजूचा मागे झुकवून बसवलेला असतो. जोरात वेग वाढवताना आस पिळली जाऊन चाके थडथडतात; या मांडणीमुळे ते आटोक्यात राहते. नवे शॉक बसवताना ही मांडणी बदलू नये.

इतिहास

विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारगाड्यांमध्ये घर्षणावर चालणारे, चकत्यांचे शॉक ॲब्सॉर्बर वापरले जात. पुढे द्रवचलित प्रकार आले. फोर्डच्या १९२७ साली आलेल्या मॉडेल ए या गाडीत हूडाय पद्धतीचे, तरफेने चालणारे शॉक ॲब्सॉर्बर होते. त्यानंतर आजच्या नळीच्या आकाराच्या रचनेने त्यांची जागा घेतली. फ्रेंच अभियंते ख्रिस्तियान बुर्सिए द कार्बों यांनी विकसित केलेली, उच्च दाबाच्या वायूची एकनळी रचना जर्मनीच्या बिलस्टाइन कंपनीने १९५७ साली मर्सिडीज-बेंझसाठी मोठ्या प्रमाणावर उत्पादनात आणली. मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पात १९६७ पासून सुरू झालेल्या वाळवंटी शर्यतींमुळे लांब पल्ल्याच्या आणि उष्णता सहन करणाऱ्या शॉक ॲब्सॉर्बरना चालना मिळाली.

उंची वाढवण्याच्या पद्धती

शॉक बदलणे आवश्यक आहे की नाही, हे उंची कशी वाढवली यावर अवलंबून असते.

• ठोकळे: आस आणि पाटे यांच्यामध्ये धातूचा ठोकळा ठेवून लांब यू-बोल्ट बसवतात. एकावर एक ठोकळे रचणे धोकादायक असते, कारण ते सरकू शकतात आणि आसेला पीळ पडण्याची शक्यता वाढवतात.
• जादा पाटा किंवा नवी स्प्रिंग: पाट्यांची कमान वाढल्याने चेसिस वर उचलला जातो.
• लांब शॅकल: शॅकलची लांबी जेवढी वाढते, त्याच्या साधारण निम्मी उंची मिळते.
• बॉडी लिफ्ट: यात चेसिस आणि बॉडी यांच्यात ठोकळे घालतात. चेसिस व आस यांतील अंतर बदलत नाही, म्हणून लांब शॉकची गरज नसते. मोठ्या व्यासाच्या टायरमुळे वाढलेल्या उंचीलाही हेच लागू पडते.

लांबीचे गणित

योग्य शॉक निवडण्यासाठी तीन अंतरे विचारात घेतात: पूर्ण आकुंचित लांबी, पूर्ण प्रसारित लांबी आणि वाहन समतल जमिनीवर स्वतःच्या वजनावर उभे असताना वरच्या व खालच्या जोडबिंदूंमधील अंतर. चौथी बाब म्हणजे बंप स्टॉप, अर्थात आसेचा वरचा प्रवास रोखणारा रबरी ठोकळा. शॉक पूर्ण दबण्यापूर्वी आस बंप स्टॉपला टेकली पाहिजे; अन्यथा धक्क्याचा सगळा भार शॉकच्या दट्ट्यावर आणि जोडावर येतो.

उदाहरणार्थ, जवळजवळ उभ्या बसवलेल्या एका शॉकची आकुंचित लांबी ३७० मिमी, प्रसारित लांबी ६०० मिमी आणि उभ्या स्थितीतील अंतर ४८० मिमी आहे असे मानू. म्हणजे वर जाण्यास ११० मिमी आणि खाली जाण्यास १२० मिमी वाव आहे. बंप स्टॉप ३९० मिमी अंतरावर टेकतो. नव्या स्प्रिंगने ट्रक १०० मिमी उंचावल्यास उभ्या स्थितीतील अंतर ५८० मिमी होते आणि मूळ शॉकला खाली जाण्यास केवळ २० मिमी उरतात. चाक त्याहून खोल खड्ड्यात उतरू लागले की शॉक पूर्ण ताणला जाऊन आदळतो, चाक हवेत लोंबकळते आणि तेवढा काळ त्याची रस्त्यावरील पकड जाते.

आता २८० मिमी पल्ल्याचा, ४२० ते ७०० मिमी लांबीचा शॉक घेतला, तर वर १६० आणि खाली १२० मिमी वाव मिळतो. परंतु पल्ला वाढला की नळी व दांडा दोन्ही लांबतात आणि आकुंचित लांबीही वाढते. हा शॉक ४२० मिमीवर पूर्ण दबतो, तर बंप स्टॉप अजून ३९० मिमीवरच आहे. म्हणजे आस बंप स्टॉपला टेकण्यापूर्वीच शॉकवर आघात होईल. यावर उपाय म्हणजे बंप स्टॉप ५० मिमी खाली आणणे. मग तो ४४० मिमीवर टेकतो आणि २० मिमी सुरक्षित अंतर राहते. केवळ 'चार इंची लिफ्टसाठी' असे लिहिलेला शॉक विकत घेण्याऐवजी प्रत्यक्ष मोजमाप करणे श्रेयस्कर ठरते, ते यासाठीच.

कोनाचा परिणाम

शॉक जितका तिरपा, तितका त्याचा प्रभाव कमी. तिरपेपणामुळे दट्ट्याचा वेग आणि त्याच्या बलाचा उभा घटक हे दोन्ही कोनाच्या कोज्येच्या प्रमाणात घटतात. म्हणून एकूण अवमंदन कोज्येच्या वर्गाच्या प्रमाणात राहते. उभ्या रेषेपासून ३०° झुकलेला शॉक सुमारे ७५ टक्के, तर ४५° झुकलेला केवळ ५० टक्के प्रभावी ठरतो. लांब शॉक कसाबसा बसावा म्हणून जोडबिंदू सरकवून तो आडवा करणे म्हणूनच तोट्याचे असते.

प्रकार

दुनळी शॉकमध्ये आतील नळीत दट्ट्या आणि बाहेरील नळीत जादा तेल असते. तो स्वस्त असतो आणि बाहेरील नळीला किरकोळ पोचा आल्यास चालू राहतो. मात्र खडबडीत रस्त्यावर सतत चालल्यास तेल तापते, त्यात वायू मिसळून फेस होतो आणि अवमंदन कमी होते.

एकनळी शॉकमध्ये एकाच नळीत तेल आणि उच्च दाबाचा नायट्रोजन असून त्यांच्यामध्ये तरंगता दट्ट्या असतो. तेल बाहेरील भिंतीला थेट स्पर्श करत असल्याने उष्णता लवकर बाहेर पडते. परंतु नळीला दगड लागून पोचा पडल्यास दट्ट्या अडकू शकतो. काही महागड्या प्रकारांत जादा तेलासाठी वेगळी टाकी जोडलेली असते.

अवमंदनाचे प्रमाणही जुळावे लागते. अधिक ताठ पाटे परतताना जास्त जोर लावतात, तर मोठे टायर चाकाचे वजन वाढवतात. दोन्ही बाबतींत मूळ शॉकच्या झडपा अपुऱ्या पडू शकतात.

जोडणी

१. वाहन सपाट, टणक जमिनीवर उभे करून पुढील चाकांच्या मागेपुढे ठोकळे लावतात. चेसिस स्टँडवर टेकवतात आणि आसेखाली स्वतंत्र जॅक ठेवतात. केवळ जॅकच्या आधारावर उचललेल्या वाहनाखाली शिरू नये.
२. गंजलेल्या नटांवर गंज सैल करणारे तेल आधी टाकून ठेवतात. एका वेळी एकाच बाजूचा शॉक काढतात, जेणेकरून आस अचानक खाली घसरून ब्रेकच्या नळ्या ताणल्या जाणार नाहीत.
३. दुनळी शॉक उभा धरून काही वेळा पूर्ण दाबून व ताणून आतील हवा काढतात.
४. वायूभरित शॉक पट्ट्याने बांधलेला येतो. १४ मिमी व्यासाच्या दांड्यावर २५ बार दाब असल्यास तो सुमारे ३८५ न्यूटन, म्हणजे जवळपास ३९ किलोग्रॅम वजनाइतक्या बलाने बाहेर येऊ पाहतो. म्हणून वरचा जोड बसवल्यावर, चेहरा व हात दूर ठेवूनच पट्टा कापतात. असा शॉक कधीही तापवू किंवा छेदू नये.
५. दांड्याचा चकचकीत भाग पकडीत धरू नये. त्यावरील ओरखडा सील कापतो आणि तेल गळू लागते.
६. रबरी बुश असलेले बोल्ट आधी केवळ हलके आवळतात आणि वाहन चाकांवर उतरवल्यानंतर उत्पादकाने दिलेल्या परिबलाने टॉर्क पान्याने पक्के करतात. चाके लोंबकळत असताना आवळल्यास बुश कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात.

जोडणीनंतर आस पूर्ण खाली व पूर्ण वर नेऊन ब्रेकची रबरी नळी, हँडब्रेकची केबल, सायलेन्सर आणि टायर यांना कोठे ताण वा घर्षण होते का, हे पाहतात. काही शे किलोमीटरनंतर यू-बोल्टसह सर्व जोड पुन्हा तपासले जातात.

सुरक्षितता

टोयोटा हायलक्सच्या जुन्या पिढ्यांसारख्या काही पिकअपमध्ये मागील ब्रेकचा दाब ठरवणारी झडप आसेला दांड्याने जोडलेली असते. चेसिस व आस यांतील अंतर वाढल्यास झडपेला ट्रक रिकामा असल्याचे भासते आणि भारलेल्या ट्रकलाही मागील ब्रेक कमी लागतो. अशा वेळी दांड्याच्या जोडाची उंची पुन्हा जुळवावी लागते. उंची वाढल्याने प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि हेडलाइटचा झोतही सरकू शकतो. त्यांचीही तपासणी आवश्यक असते.

शॉक ॲब्सॉर्बर कितीही उत्तम असले, तरी वर गेलेला गुरुत्वमध्य ते खाली आणू शकत नाहीत. चाकांमधील रुंदीला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागल्यास स्थैर्याचा अंक मिळतो. रुंदी १.७ मीटर असताना गुरुत्वमध्य ०.७० मीटरवरून ०.८० मीटरवर गेल्यास हा अंक १.२१ वरून १.०६ वर येतो, म्हणजे वळणावर ट्रक उलटण्याचा धोका वाढतो.

कायदेशीर बाजू

अमेरिकेत वाहनाच्या किंवा बंपरच्या उंचीचे नियम राज्यानुसार वेगळे आहेत. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात याच भूमिकेला दुजोरा दिला. २०१९ च्या दुरुस्तीने समाविष्ट केलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेल्या बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. झिजलेल्या शॉकच्या जागी त्याच मापाचा शॉक बसवणे ही देखभाल होय; झुलावप्रणाली बदलून वाहन उंचावणे ही त्याहून वेगळी बाब आहे.