काखेतली नाजूक वाट

पाय मोडून प्लॅस्टर घातले की घरात कुबड्या येतात. पुष्कळदा त्या शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या असतात. रोगी त्या काखेत रुतवून सारा भार त्यांवर टाकतो आणि काही दिवसांनी तक्रार करतो, "डॉक्टर, पाय ठीक आहे, पण हाताचा पंजा उचलता येत नाही!" पायाच्या दुखण्यात हात का लुळा पडावा?

याचे उत्तर काखेच्या रचनेत आहे. काख म्हणजे नुसता खळगा नव्हे. मानेतून व छातीतून हाताकडे जाणारी ती एक खिंडच आहे. तिचे वरचे तोंड अरुंद असते. त्याच्या पुढे गळ्याखालचे आडवे हाड, मागे खांद्याचे चपटे हाड आणि आतल्या बाजूस पहिली बरगडी. मनगटावर जी नाडी आपण पाहतो, तिला रक्त पुरवणारी रोहिणी याच वाटेने येते. हातातले रक्त परत नेणारी नीलाही येथूनच जाते. शिवाय मानेतील चार व पाठीतील एक अशा पाच मुळांपासून गुंफलेले मज्जातंतूंचे जाळे येथून हातभर पसरते. हाताला गळू झाले की काखेत अवधाण येते, ते येथील रसग्रंथी सुजल्यामुळे.

या सर्वांभोवती चरबीची गादी असते. पण काखेच्या तळाशी हाडाचे कवच नाही. मनगट व बोटे वर उचलणाऱ्या स्नायूंचा मज्जातंतू काखेच्या मागच्या भागातून दंडाकडे उतरतो. कुबडीच्या दाबाखाली तो चेपला की मनगट लोंबते, पंजाच्या पाठीला बधिरपणा येतो. खुर्चीच्या पाठीवर हात टाकून तासन् तास झोपल्यानेही असे होऊ शकते. क्वचित रोहिणीला इजा होऊन बोटे गार व फिकट पडतात. तेव्हा तर तातडीने रुग्णालय गाठावे.

म्हणून सरळ उभे राहिल्यावर कुबडीचे वरचे टोक काखेच्या दोन-तीन बोटे खाली असावे. मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकलेले राहावे. भार तळहातांवर घ्यावा. वरची गादी बरगड्यांना टेकवावी, काखेत खुपसू नये.

मुंग्या येऊ लागताच कुबडीची उंची तपासून घ्यावी व डॉक्टरांना दाखवावे. दाब वेळीच दूर झाला तर बहुतेकांचा हात काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारतो. उसनी कुबडी जरूर वापरावी. मात्र आधी ती आपल्या उंचीची करून घ्यावी.