प्लॉट घेतलाय? मिस्त्रीच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला भेटा



मागच्या व्हिडिओत आपण स्वतःची जागा बांधायच्या खर्चाबद्दल बोललो. त्यात एक मुद्दा घाईघाईत निसटला, आणि नेमका तोच सगळ्यात महाग पडतो.

आमच्या बॅचमधला एक मित्र. मसाल्याचा धंदा, घरातून सुरू केलेला, छान चालला. मग कर्ज काढून स्वतःच्या प्लॉटवर बांधकाम काढलं. खाली मशीन, वर गोडाऊन. नकाशा एका ड्राफ्ट्समनकडून काढून घेतला, बाकी सगळं ठेकेदाराच्या भरवशावर. "दादा, शंभर घरं बांधलीत मी, काळजी करू नका," असं ठेकेदार म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता बरं का. घरंच बांधली होती त्यानं!

स्लॅब झाला, वर हळदीची पोती चढली आणि काही महिन्यांत बीमला तडे दिसायला लागले. तेव्हा कुठे इंजिनिअरला बोलावलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "वर किती वजन ठेवणार, हे तुम्हाला कुणी विचारलं होतं का?" कुणीच विचारलं नव्हतं.

आता हिशेब बघा. आयएस 875 या भारतीय मानकात घराच्या खोलीसाठी दर चौरस मीटरला साधारण 200 किलो वापराचा भार धरतात. 50 किलोची पोती आठ थर रचली की एका थप्पीचे झाले 400 किलो, आणि ती थप्पी जागा घेते साधारण अर्धा चौरस मीटर. म्हणजे चौरस मीटरला 800 किलो. चौपट! गोडाऊनसाठी म्हणूनच वेगळा आकडा आहे: मालाच्या उंचीच्या दर मीटरला किमान 240 किलो, आणि एकूण 750 च्या खाली नाहीच.

मित्रानं माल लगेच खाली उतरवला. आता भाड्याचं गोडाऊन आणि बँकेचा हप्ता, दोन्ही चालू आहेत. तरी तो वेळेवर थांबला म्हणायचं. ढाक्याजवळच्या राणा प्लाझामध्ये आदल्या दिवशी भेगा दिसल्या होत्या, तरी कामगारांना आत बोलावलं. 24 एप्रिल 2013 ला इमारत कोसळली, 1,100 हून जास्त माणसं गेली. दुकानं आणि ऑफिसांसाठी बांधलेल्या इमारतीत वरच्या मजल्यांवर कपड्यांचे कारखाने आणि जनरेटर चालत होते.

मग इंजिनिअरला भेटायचं कधी? नकाशा पक्का व्हायच्या आधी. कारण कॉलम कुठे येणार ते तेव्हाच ठरतं. टेम्पो रिव्हर्स घ्यायच्या जागेत मधोमध कॉलम उभा असलेली शेड मी स्वतः पाहिलीय. रोज माल हातानं वाहतात. कागदावर तो कॉलम सरकवायला खोडरबर पुरतं, नंतर काहीच पुरत नाही. जमीन काळी असेल तर ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया किती खोल न्यायचा, कसला घ्यायचा, हे माती तपासूनच ठरवावं लागतं. आणि "पुढे जमलं तर वर एक मजला चढवू" असं मनात असेल तर ते आजच सांगा. त्या मजल्याचं फुटिंग आजच पडतं, पाच वर्षांनी नाही.

जाताना मशीनचा कॅटलॉग न्या. त्यात वजन असतं, फाउंडेशनचं ड्रॉइंग असेल तर उत्तमच. पल्व्हरायझरसारखं हादरे देणारं मशीन असेल तर ते आधी सांगा. माल किती उंच रचणार, पाण्याची टाकी किती लिटरची, हेही. 2,000 लिटरची टाकी म्हणजे डोक्यावर दोन टन पाणी!

आर्किटेक्ट असला तरी हे काम वेगळं. बरेच आर्किटेक्ट स्वतःच स्ट्रक्चरल इंजिनिअर जोडून देतात, नाव विचारून घ्या. फी ठरवताना एक गोष्ट मात्र आधीच बोलून ठेवा: फुटिंगचं काँक्रीट ओतायच्या आदल्या दिवशी सळई तपासायला साहेब स्वतः साइटवर येणार का?