डिझेल परवडते, पण किती तासांनंतर?

आमच्या शहरात क्रांती चौकातल्या पंपावर 2025 साली पेट्रोल लिटरला साधारण 105 आणि डिझेल 92 रुपयांच्या आसपास होते. फरक डोळ्यांत भरतो तो इथे, पण खरी बचत इंजिनात होते. डिझेलच्या एका लिटरात ऊर्जा दहा-बारा टक्क्यांनी जास्त असते आणि सिलिंडरमधल्या जास्त दाबामुळे इंजिन तिचा उपयोगही अधिक चांगला करून घेते. पूर्ण भारावर एक अश्वशक्ती तासभर मिळवायला लहान पेट्रोल इंजिन सुमारे 0.4 लिटर पिते, डिझेल इंजिन 0.24 लिटरच्या आसपास. म्हणजे 42 रुपयांचे काम 22 रुपयांत. 5 अश्वशक्तीच्या पॉवर वीडरवर तासाला शंभरेक रुपये वाचले.

डिझेल यंत्र महाग आणि जड असते, हा आक्षेप रास्तच आहे. किमतीतला फरक 20,000 रुपये धरला, तर तो भरून यायला 200 तास लागतात. पैठणकडच्या मोसंबीच्या बागेत राबून वर भाड्याने कामे घेणाऱ्याचे एवढे तास हंगाम-दोन हंगामांत होतात. 15 अश्वशक्तीचा महिंद्रा युवराजसारखा छोटा ट्रॅक्टर डिझेलवर येतो तो याच हिशेबाने. हिरवळ कापायच्या यंत्राचा हिशेब मात्र वेगळा. बंगल्यापुढची हिरवळ जोमाने वाढते ती पावसाळ्याचे चार महिने. आठवड्याला दोन तास कापणीचे धरले, तरी वर्षाला 35 तासच भरतात. तिथे माझ्या मते पेट्रोलच घ्यावे. मात्र हंगाम संपला की इंधनाचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवावे. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा ओढते. ते महिनोन्महिने कार्ब्युरेटरमध्ये राहिले तर बारीक जेट चोंदते आणि जूनमध्ये दोरी कितीही ओढली तरी यंत्र सुरू होत नाही.