कोरीव नक्षी तिरकी का येते?

गेल्या श्रावणात आमच्या घरी एका सागवानी फळीवरून अबोला धरायची वेळ आली होती!

आमच्या ह्यांनी मागच्या खोलीत लाकूड कोरायचं छोटं यंत्र बसवलंय. नक्षी संगणकावर काढायची आणि यंत्रातला फिरणारा कटर ती लाकडात उतरवतो. आकड्यांच्या हुकमावर चालणारं असं यंत्र अमेरिकेतल्या एम. आय. टी. या संस्थेत १९५२ साली दाखवलं गेलं. तेव्हा ते कारखान्यापुरतंच होतं, आता घरातल्या टेबलावर मावतं.

गणपतीच्या मखरामागे लावायच्या कोरीव फळीचं काम आलं होतं. आगाऊ मिळालेल्या पैशांतून सागवान आणलं. पहिली फळी झाली, तर वेलबुट्टीची चौकट कडेशी तिरकी. दुसरी तशीच, शिवाय उजवीकडची फुलं खोल आणि डावीकडची नुसती ओरखडल्यासारखी. यंत्र विकणाऱ्याला फोन केला, तर तो म्हणे, प्रोग्रॅम पुन्हा टाका. ह्यांनी दोन रात्री संगणकापुढे काढल्या. चतुर्थी आठ दिवसांवर आली आणि हे म्हणाले, "विकून टाकू ही ब्याद."

शेवटी गल्लीतल्या सुतारमामांना बोलावलं. त्यांनी संगणकाकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "आधी गुण्यात हाय का बघितलासा?"

गवंडी घराचा पाया आखताना कर्ण मोजतो ना, तेच करायचं. आम्ही कटर काढून त्या जागी पेन बांधलं, खाली पुठ्ठा चिकटवला आणि यंत्राकडून ४०० बाय ३०० मिलिमीटरच्या चौकोनाचे चार कोपरे ठिपक्यांनी काढून घेतले. अगदी ठिपक्यांची रांगोळीच म्हणा! कोन काटकोन असतील तर दोन्ही कर्ण ५०० भरायला हवेत. आमचा एक भरला ५०१ आणि दुसरा ४९९. म्हणजे कटर वाहून नेणारा आडवा दांडा उजवीकडे पावणेदोन मिलिमीटर मागं राहिला होता. दोन्ही टोकांना दोन मोटरी, त्यातल्या उजव्या मोटरीच्या कपलिंगचा बारीकसा स्क्रू ढिला! वीज बंद करून दांडा दोन्ही बाजूंनी शेवटच्या अडणीला टेकेपर्यंत मागं ढकलला, तसाच दाबून धरला आणि स्क्रू आवळला. पुन्हा ठिपके काढले, दोन्ही कर्ण सारखे. प्रोग्रॅमचा काही दोष नव्हता हो!

खोलीचा घोटाळा मात्र वेगळा निघाला, आणि तो आपल्या आजऱ्याच्या पावसाचा. कोरायची फळी ज्या एमडीएफच्या तक्त्यावर बसवतात, तो ओल खाऊन एका बाजूनं फुगला होता. रुंद सपाट कटर लावून तो तक्ता सगळीकडून हलकासा तासून घेतला, म्हणजे यंत्रानंच आपलं आसन सपाट केलं म्हणायचं. सागवानसुद्धा दमट हवेत आडव्या अंगानं फुगतं, म्हणून फळी आणल्याबरोबर कोरायला घेऊ नये, काही दिवस त्याच खोलीत राहू द्यावी. कटर फळीला टेकवताना मध्ये साधा कागद ठेवावा. तो जेमतेम सरकेल तिथं शून्य धरावं.

गोल लंबगोल यायला लागला तर? आधी पट्टा हातानं दाबून पाहा, चाकं हलवून पाहा. ढिलाई नसेल तरच आकड्याकडे वळा. एक मिलिमीटर सरकायला मोटरीनं किती पावलं टाकायची, हे यंत्रात लिहिलेलं असतं. समजा तो आकडा ८० आहे, आणि २०० मिलिमीटर सांगून १९७ च आले, तर ८० गुणिले २०० भागिले १९७, म्हणजे ८१.२२. सातवीतलं त्रैराशिक! पण ढिला पट्टा तसाच ठेवून आकडा बदललात, तर आजचं काम भागेल आणि उद्या पुन्हा बिघडेल. माझ्या मते निम्मे घोळ असेच होतात.

आणि काम निम्म्यावर आल्यावर नक्षी एकदम बाजूला सरकली, तर यंत्र पावलं चुकलंय असं समजावं. वेग जास्त असतो, किंवा भुसा अडकलेला असतो. सुरुवातीच्या जागी पेन्सिलीची खूण करून ठेवा. परत बोलावल्यावर कटर तिथंच यायला हवा.

एक मात्र ऐका. यंत्र चालू असताना पदर खोचलेला हवा, वेणी अंबाड्यात, डोळ्यांना चष्मा, नाकाला फडकं. स्क्रूला हात लावण्यापूर्वी प्लग काढायचाच.

तिसरी फळी चतुर्थीच्या आदल्या दिवशी सुबक झाली. बिघडलेल्या दोघींपैकी एकीचे मी चार पाट करून घेतले. दुसरी सासूबाईंनी मागून घेतली, तुळशीपाशी दिवा ठेवायला. म्हणाल्या, "तिरकी असली म्हणून काय झालं, सागवान आहे!"