हिवतापाचा जंतू आणि जायफळातली चरबी

मंडळी, शाळांना सुट्टी लागली की आपल्यातल्या बऱ्याच घरांत बॅगा भरायला सुरुवात होते. इथली सुट्टी जुलै-ऑगस्टची, म्हणजे तिकडे ऐन पावसाळा. आजीच्या हातची भजी, ओली माती, आणि डास! म्हणून या वेळी चार शब्द हिवतापाविषयी.

लेटरकेनीहून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर रॅमेल्टन आहे. १९३० साली तिथे जन्मलेल्या विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. जपानच्या सातोशी ओमुरा यांच्याबरोबर त्यांनी केलेल्या कामातून आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचे औषध आले. विदर्भात माहीत असलेल्या हत्तीरोगावरही ते इतर औषधांबरोबर देतात. त्याच नोबेलचा उरलेला अर्धा भाग चीनच्या तू योयो यांना मिळाला, हिवतापावरच्या आर्टेमिसिनिनसाठी.

जंत अनेक पेशींचा बनलेला असतो. हिवतापाचा जंतू म्हणजे एकच पेशी. रोनाल्ड रॉस यांना तो १८९७ साली सिकंदराबादला डासाच्या पोटात सापडला. माणसाच्या तांबड्या पेशीत तो शिरतो, वाढतो आणि नेहमीच्या दोन जातींत साधारण ४८ तासांनी पेशी फोडून बाहेर पडतो. त्या वेळी हुडहुडी भरून ताप येतो.

ही सगळी कामे त्याची प्रथिने करतात. पण पोळी लाटली म्हणजे पानात वाढता येत नाही, भाजावी लागते. तसेच बऱ्याच प्रथिनांवर शेवटचा हात फिरवावा लागतो. तो फिरवतात एन्झाइम, पुस्तकी मराठीत विकरे. काही एन्झाइम प्रथिनावर फॉस्फेटचा तुकडा चिकटवतात. त्यांतले पीकेजी नावाचे एन्झाइम पेशी फोडण्याचा इशारा देते. ते बंद पाडले तर जंतू आतच अडकतो.

दुसरे एन्झाइम एनएमटी. ते प्रथिनाच्या टोकाला चौदा कार्बनचे एक स्निग्धाम्ल जोडते, मिरिस्टिक आम्ल. हे नाव जायफळाच्या शास्त्रीय नावावरून आले. आपल्या खोबरेल तेलातही ते असते. चरबीला चरबी धरते, म्हणून असे प्रथिन पेशीच्या पातळ पडद्याला जाऊन चिकटते आणि तिथे कामाला लागते. डंडी येथील शास्त्रज्ञांनी २०१० साली हेच एन्झाइम रोखून आफ्रिकेतल्या निद्रारोगाचे उंदीर बरे केले. २०१४ साली लंडनमधल्या संशोधकांनी दाखवले की ते रोखल्यावर हिवतापाच्या जंतूला आपला आतला पडदाच नीट उभारता येत नाही आणि तो मरतो.

मग औषध का नाही? अडचण अशी की आपल्या शरीरातही हेच एन्झाइम आहे. चोराचे कुलूप अडकवायचे, घरच्यांचे नाही, अशी किल्ली हवी. शोध चालू आहे, आणि त्याची गरजही आहे, कारण आर्टेमिसिनिनला दाद न देणाऱ्या जंतूंची नोंद २००८ साली कंबोडियात झाली आणि पुढे आफ्रिकेतही.

तोवर काळजी आपणच घ्यायची. "आम्ही तिकडेच वाढलो, आम्हाला काय होतंय," हे म्हणणे खरे नाही. असलीनसली प्रतिकारशक्ती इथे राहून ओसरते, आणि इथे जन्मलेल्या मुलांना ती मुळीच नसते. निघण्याच्या महिनाभर आधी जीपीला विचारा, कुठल्या गावी जाणार तेही सांगा. तिकडे मच्छरदाणी आणि अंगभर कपडे वापरा.

परत आल्यावर ताप आला तर फ्लू समजून गोळी घेऊन झोपू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि पहिले वाक्य हेच बोला: "आम्ही भारतातून आलो आहोत, हिवतापासाठी रक्त तपासा." फॅल्सिपॅरम जातीचा हिवताप थोड्या दिवसांत जिवावर बेततो. व्हायव्हॅक्स यकृतात दडून महिन्यांनी उठतो, म्हणून नाताळात आलेल्या तापातही जुलैची सहल सांगायला विसरू नका.

सुट्टी मजेत जावो. येताना जायफळ जरूर आणा, हिवताप मात्र नको!