हरिपाठ तोंडपाठ, मग विस्मरण कसं?

तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, बेलवाडी, निमगाव केतकीमार्गे इंदापूरला जाते. या वाटेवरच्या वारकरी घरांत आजोबांचा हरिपाठ पन्नास-साठ वर्षांचा असतो. नातवाचं नाव आठवत नाही, सकाळी जेवलो का ते सांगता येत नाही. पण संध्याकाळी टाळ हातात दिला की अभंगामागून अभंग बिनचूक. घरचे म्हणतात, ‘डोकं शाबूत आहे, वयानं होतं असं.’ तपासणी लांबते ती इथेच.

डिमेन्शियात, विशेषतः अल्झायमरमध्ये, नवं लक्षात ठेवण्याची क्षमता आधी जाते. लहानपणी घोकलेलं, चालीत बसलेलं बरंच उशिरापर्यंत टिकतं. त्यामुळे पाठांतर चांगलं म्हणजे आजार नाही, असं धरू नका.

देशात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाख ज्येष्ठांना डिमेन्शिया असल्याचा २०२३ मधला अंदाज आहे. विसरण्यामागे थायरॉइड किंवा बी-१२ ची कमतरताही असू शकते. माळकरी, शाकाहारी घरांत बी-१२ जरूर तपासावं. ही कमतरता भरून काढता येते.

भजनानं डिमेन्शिया बरा होत नाही. बेचैनी मात्र अनेकांची कमी होते, दिवसाला लय मिळते. म्हणून हरिपाठ चालू ठेवा. ओळ चुकली तर टोकू नका. एकादशीच्या उपवासात मधुमेहाच्या गोळ्यांचं काय करायचं, हे डॉक्टरांना आधीच विचारा. पालखीला नेताना खिशात नाव, गाव, फोन नंबरची चिठ्ठी हवीच. गर्दीत चुकलेले आजोबा अभंग सांगतील, पत्ता नाही.

ज्येष्ठांसाठीची मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन : १४५६७.